सेतुमाधवरावांच्या वारसदारांचा शोध

औरंगजेबाविषयी ठाम मत नसलेला मराठी गृहस्थ आज शोधूनही सापडणार नाही. परंतु त्याच बादशहाच्या छावणीत रोजच्या रोज लिहिले गेलेले एखादे फारसी बातमीपत्र पुढे उलगडून धरले असता त्यातील एक ओळ तरी अडखळत का होईना वाचून दाखवील असा गृहस्थ मात्र विरळा, आणि ही अवस्था केवळ सामान्य वाचकांची नसून, सभांतून, चर्चांतून आणि चित्रपटांच्या पडद्यावरून त्या काळाचा इतिहास आपणांस सांगण्याचा मक्ता ज्यांनी घेतला आहे त्यांपैकी बहुतेकांची आहे. मतांचा एवढा सुकाळ आणि वाचनाचा एवढा दुष्काळ एकाच वेळी पडल्यावर जे व्हायचे तेच होत आहे. अशा वेळी ज्या एका माणसाचे नाव वारंवार घेतले जावयास हवे होते, ते मोगलांची फारसी साधने मराठीत आणणारे कै. सेतुमाधवराव पगडी यांचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांच्या बाहेर आज फारसे कोणाच्या तोंडी नाही, याचे मला वैषम्य वाटते. आणि ते व्यक्त करून न थांबता, पगडींसारखा माणूस घडतो कसा आणि तो पुन्हा घडवावयाचा असेल तर कोठे शोधावा, याविषयी काही लिहावे असे मनात आहे.

सेतुमाधवरावांचा जन्म २७ ऑगस्ट १९१० चा, निलंग्याचा. आज लातूर जिल्ह्यात असलेले निलंगे तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात मोडत होते. त्या सीमाभागात घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी तेलुगू आणि कचेरीत उर्दू अशी वहिवाट असल्यामुळे, तेथील चुणचुणीत मुलाला चार भाषा येणे ही काही विद्वत्तेची गोष्ट मानली जात नसे. ती पोटापाण्याची गरज होती. गुलबर्गा, हैदराबाद, पुढे बनारस आणि अलाहाबाद असे शिक्षण घेऊन ते हैदराबादच्या मुलकी सेवेत रुजू झाले, आणि राज्य विलीन होऊन, १९५६ ची प्रांतरचना होऊन, अखेर महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटियरांचे कार्यकारी संपादक होईपर्यंत त्यांची सारी हयात सरकारी दप्तराच्या सान्निध्यात गेली. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १४ ऑक्टोबर १९९४ रोजी ते निवर्तले. नोकरीतल्या बढत्या-बदल्यांची जंत्री येथे देण्याचे कारण नाही. ज्यांस ती हवी असेल त्यांनी त्यांचे ‘जीवनसेतू’ हे आत्मचरित्र मिळवून वाचावे.

परंतु ज्या हैदराबादेत हा तरुण वाढला त्या हैदराबादेविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. १९१८ मध्ये तेथे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि गणित, रसायन, वैद्यक, कायदा असे सारे विषय एका देशी भाषेतून, म्हणजे उर्दूतून, शिकविण्याचा संकल्प त्याने सोडला. पुस्तके नाहीत तर शिकवावयाचे कसे, हा प्रश्न तेथील धुरीणांनाही पडलाच होता. परंतु त्यांनी त्यावर समित्या नेमून अहवाल मागविले नाहीत, तर विद्यापीठाच्या आधी एक वर्ष ‘दारुल तर्जुमा’ नावाचे भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले, त्यात पगारी भाषांतरकार नेमले, पारिभाषिक शब्द ठरविण्यासाठी मंडळे बसविली, आणि काही वर्षांत शेकडो ग्रंथ उर्दूत आणून दाखविले. या खात्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. उर्दू जगत त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणते. परंतु मराठी वाचकांस फारसे ठाऊक नसते ते असे, की या गृहस्थांच्या आयुष्याचा ऐन उमेदीचा काळ औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गेला. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार कितीतरी वर्षे ते तेथूनच हाकीत होते, ‘उर्दू’ हे त्यांचे त्रैमासिक १९२१ पासून तेथूनच निघत होते, दखनीतील जुन्या पोथ्यांचे त्यांचे संपादनही याच कालखंडातले. आणि मराठी मुलखात राहावयाचे तर मराठीशी तोंडओळख तरी असली पाहिजे या भावनेने म्हणा किंवा निव्वळ विद्याव्यासंगाने म्हणा, मराठी भाषेवर फारसीचा काय परिणाम झाला यावर त्यांनी उर्दूत एक पुस्तक लिहिले. उर्दूचा एवढा कैवारी मराठीचा अभ्यास करीत बसतो आणि त्या अभ्यासाची दखल मराठीत जवळजवळ कोणी घेत नाही, हे आपल्या विद्वत्तेस भूषणावह नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. निजामाच्या राज्यात उर्दू ही राजभाषा होती, लोकभाषा नव्हती; मराठवाड्यातील मराठी मुलाला, तेलंगणातील तेलुगू मुलाला आणि कर्नाटकातील कन्नड मुलाला आपापली भाषा बाजूला सारून तीत शिकावे लागे, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेले तेव्हा त्याच्याबरोबर त्याची भाषाही जावी असे अनेकांना मनापासून वाटले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पण याच ठिकाणी सेतुमाधवरावांचे वेगळेपण उठून दिसते. लादलेली भाषा म्हणून तिच्याविषयी कडवटपणा बाळगावा, किंवा पोटाची भाषा म्हणून तिच्यात अर्ज-दरखास्ती लिहून मोकळे व्हावे, असे दोन मार्ग त्यांच्यासमोर होते. त्यांनी दोन्ही टाळले. ते तिच्या काव्यात शिरले, सूफींच्या परंपरेत शिरले, तिच्या पलीकडे उभ्या असलेल्या फारसीत शिरले, आणि तेथे जे सापडले ते मराठीच्या ओटीत आणून टाकले. ‘सूफी संप्रदाय’ हा त्यांचा ग्रंथ किंवा मिर्झा गालिब आणि त्याच्या उर्दू गझला यांवरील त्यांचे पुस्तक वाचताना एका गोष्टीचा सुखद प्रत्यय येतो: लेखक उर्दूची वकिली करीत नाही आणि तिच्यावर उपकारही करीत नाही, शेजारच्या घरातल्या माणसांविषयी जितक्या माहितगारीने आणि जितक्या निःसंकोचपणे बोलावे तितकेच तो बोलतो.

त्यांच्या अधिकाराचा एक पुरावा सर्वस्वी निराळ्या दिशेने मिळतो. १९४० मध्ये आदिलाबादच्या अरण्यात कुमरम भीमच्या नेतृत्वाखाली गोंडांनी केलेला उठाव मोडून काढल्यावर निजाम सरकारला आदिवासींच्या जमिनींचा आणि शिक्षणाचा विचार करणे भाग पडले. मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या सल्ल्याने जे काम तेथे सुरू झाले त्यात सेतुमाधवराव अधिकारी म्हणून होते. अशा नेमणुकीवर गेलेला अंमलदार सहसा दौरे करतो, जमाबंदी पाहतो आणि बदलीची वाट पाहतो. यांनी गोंडी शिकून घेतली, कोलामी शिकून घेतली, कोलामीचे व्याकरण लिहिले आणि गोंडांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. दरबारी फारसी आणि ज्या भाषेला स्वतःची रूढ लिपीही नव्हती ती कोलामी, या दोन टोकांना एकाच माणसाने सारख्याच आदराने हात घालावा, यावरून त्याची भाषेकडे पाहण्याची दृष्टी कळते.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. मराठ्यांच्या इतिहासाची साधने मराठीत पुष्कळ आहेत. परंतु संभाजीमहाराजांच्या राज्यारोहणापासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचा, म्हणजे १६८० ते १७०७ हा जो धामधुमीचा काळ, त्या काळातील मराठी कागद धामधुमीमुळेच तुटपुंजे राहिले आहेत. रायगड गेला, दप्तरे जळाली, छत्रपती जिंजीस गेले. लिहून ठेवावयास सवड कोणाला होती? उलट पक्षी मोगलांच्या छावणीत लेखणी एक दिवसही थांबली नाही. भीमसेन सक्सेना हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ, दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून दक्षिणेच्या मोहिमा डोळ्यांनी पाहत होता, आणि मोगल सरदारांचा लाचखाऊपणा, रयतेची दैना व मराठ्यांचा वाढता पसारा यांविषयी त्याने जे लिहिले आहे त्यात स्वपक्षाचीही भीड ठेवलेली नाही. साकी मुस्तैदखानाने दरबारी बाजूने लिहिले, ईश्वरदास नागराने तिसऱ्याच बाजूने. हे तिघेही सेतुमाधवरावांनी मराठीत आणले. ‘मोगल आणि मराठे’, ‘मराठे व औरंगजेब’ आणि ‘मोगल-मराठा संघर्ष’ ही ती पुस्तके. पुढे त्यांनी ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ तीन खंडांत दिली.

ही बातमीपत्रे, म्हणजे ‘अखबारात’, वाचणे म्हणजे काय असते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. बादशहा कोठे मुक्कामास होता, आज मुजऱ्यास कोण आले, कोणाला खिलत मिळाली, कोणाचे मनसब घटले, कोणत्या किल्ल्याहून काय खबर आली, असा त्रोटक मजकूर चिठ्ठीवजा कागदांवर घाईने लिहून राजेरजवाड्यांचे वकील आपापल्या धन्याकडे रवाना करीत. आंबेरच्या राजाकडे आलेल्या अशा कागदांचा मोठा संग्रह जयपूरच्या दप्तरात राहिला, आणि त्यातील एक भाग कर्नल टॉड यांच्याबरोबर लंडनला गेला. अक्षर शिकस्ता, म्हणजे मोडून लिहिलेले. फारसी लिपीत ब, प, त, न आणि य ही अक्षरे शब्दाच्या मधोमध आली की एकाच दातऱ्याची होतात. त्यांतला भेद केवळ नुक्त्यांवर, म्हणजे टिंबांवर, अवलंबून, आणि घाईतला लेखक पहिला बळी नुक्त्यांचाच देतो. ऱ्हस्व स्वर लिहिण्याची चाल नाही. ळ आणि ण तर त्या लिपीत नाहीतच. अशा लेखनात आग्र्याकडील किंवा इराणकडील एखाद्या मुनशीने सह्याद्रीतील आडवळणाच्या गढीचे वा एखाद्या मराठा पथक्याचे नाव कानावर आले तसे टाकून दिलेले असते. ते पाच प्रकारांनी वाचता येते. पाचांतला खरा कोणता, हे कोशात सापडत नाही; ज्याला त्या मुलखातील घाट, परगणे, देशमुखांची घराणी आणि आडनावे पाठ आहेत त्यालाच ते उमगते. त्यात तारखेची तसदी निराळीच. कागदावर सन असतो बादशहाच्या जुलूसाचा, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेला, आणि महिना हिजरी, जो सूर्याच्या वर्षापेक्षा दरसाल सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतो. त्याचा मेळ मराठी कागदांतील शकाशी घातल्याशिवाय एकाच लढाईच्या दोन लढाया होतात. इराणात जन्मलेल्या फारसीच्या पंडिताला हे काम जमणार नाही, आणि केवळ मराठी जाणणाऱ्या इतिहासप्रेमीला तर नाहीच नाही. निलंग्याच्या माणसाला ते जमले, कारण दोन्ही मुलूख त्याचे होते.

याचा अर्थ त्यांचे सारे लेखन निर्दोष मानावे असा नव्हे. त्यांचे मराठी गद्य अनेक ठिकाणी रुक्ष आहे, लेखनाचा आवाका एवढा प्रचंड की काही पुस्तकांवर घाईची छाया पडली आहे, आणि बातमीपत्रे हजारोंनी असताना त्यांतील निवडकच मराठीत आली असल्यामुळे, निवडीच्या बाहेर काय राहिले हे पाहण्यासाठी अभ्यासकाला पुन्हा मुळाकडेच जावे लागते. आणि माझे म्हणणे नेमके हेच आहे: मुळाकडे जाईल असा अभ्यासक आता कोठे आहे?

सेतुमाधवराव एकटे होते असेही नव्हे. रियासतकार सरदेसायांना फारसी येत नव्हती म्हणून ते जदुनाथ सरकारांवर विसंबले, आणि जदुनाथांनी बंगालात बसून मराठी शिकून घेतली. फारसीचे प्राध्यापक माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले कवी माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला आणि उमर खय्यामच्या रुबाया मुळातून मराठीत आणल्या. त्याच कोशकाराने पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कार करून मराठीतून फारसी शब्द वेचून काढण्यास सांगावे, हा आपल्या वाङ्मयेतिहासातील एक मौजेचा विरोधाभास होय. गांधीवादी श्रीपाद जोशी यांनी प्रा. गोरेकरांच्या साहाय्याने उर्दू-मराठी शब्दकोश सिद्ध केला, तो राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. कोकणातील कवी बदीउज्जमा खावर यांनी उलट दिशेचा प्रवास करून मराठी कविता उर्दूत नेली. ही परंपरा काही क्षीण नव्हती. ती आटली ती अलीकडे, आणि आटण्याचे कारण साधे आहे: निजामाच्या कचेरीने उर्दू शिकणे भाग पाडलेली पिढी संपली, आणि तिच्या जागी दुसरी पिढी तयार करण्याची जबाबदारी कोणीच अंगावर घेतली नाही.

मी ज्या मोहने गावात राहतो तेथून हा प्रश्न निराळाच दिसतो. पुण्यातील विद्वानाला फारसी ही दूरची, ग्रंथालयातील भाषा वाटत असेल. आम्हांला ती शेजारची आहे. आंबिवलीची इराणी वस्ती आमच्या वेशीला लागून आहे; तेथील कुटुंबांत बोलली जाते ती बोली फारसीच्याच गोतातली. ठाणे जिल्ह्यातील वाचकाला ही वस्ती ठाऊक असते ती वृत्तपत्रांतील गुन्हेवार्तांमुळे आणि पोलिसांच्या छाप्यांमुळे. काहींच्या अपराधांपायी साऱ्या वस्तीला एका दोरीत बांधण्याची आपली सवय तर न्यायाची नाहीच, परंतु एखाद्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने वही-पेन्सिल घेऊन तेथे जावे आणि दोन म्हाताऱ्यांशी बोलत बसावे, असे कोणाला सुचलेलेही ऐकिवात नाही. उल्हास नदीच्या काठाने खाली कल्याण, खाडीपलीकडे भिवंडी, दक्षिणेस मुंब्रा: हा सारा टापू उर्दू बोलणाऱ्यांनी गजबजलेला आहे. आणि इतिहास म्हणावा तर तोही येथेच. १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, पुढे मोगलांनी ती परत घेतली, आणि संभाजीमहाराजांच्या काळात, १६८२-८३ च्या सुमारास, रणमस्तखानाची फौज कल्याणात ठाण मांडून बसली असता मराठ्यांनी तिला याच कल्याण-टिटवाळ्याच्या टापूत सळो की पळो केले. त्या झुंजींची मराठी नोंद शकावलीतल्या एखाद्या ओळीची. खानाला रसद कशी तुटली, बादशहाला काय कळविले गेले, कुमक कोणाची निघाली, हे सारे फारसीत आहे. टिटवाळ्याच्या गणपतीला गाडीभरून जाणाऱ्या आम्हां लोकांपैकी किती जणांना या झुंजी ठाऊक आहेत?

म्हणून माझे मत असे झाले आहे, की सेतुमाधवरावांचा वारसदार पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर शोधण्यात आता अर्थ नाही. तो भिवंडीच्या, मुंब्र्याच्या, कल्याणच्या उर्दू शाळेत शोधला पाहिजे. मराठी घरातील मुलाला आज उर्दू लिपी शिकावयाची तर मुळापासून आरंभ करावा लागेल आणि त्याला तसे करण्यास कोणते प्रलोभनही उरलेले नाही. उलट उर्दू माध्यमातील मुलाला ती लिपी पहिलीपासून येते, फारसीचा अर्धा शब्दसंग्रह त्याच्या रोजच्या बोलण्यात असतो, आणि मराठी त्याला शाळेत शिकावीच लागते; २०२० च्या कायद्याने तर राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत ती सक्तीची झाली आहे. निलंग्याच्या मुलाला निजामाच्या राज्याने जे दिले, म्हणजे घरची एक भाषा आणि कचेरीची दुसरी, तेच आपल्या लोकशाही राज्याने, दिशा तेवढी बदलून, भिवंडीच्या मुलीला दिले आहे. त्या देणगीचे पुढे काय करावयाचे, याचा विचार मात्र कोणी केलेला नाही. मराठी विषयात उत्तम गुण मिळविणारी ती मुलगी पुढे वाणिज्य शाखेकडे जाते, किंवा शिक्षण सोडून घरी बसते.

काहींना यात धोका दिसेल. मराठ्यांच्या इतिहासाची साधने मुसलमान मुलामुलींच्या हाती सोपवावयाची काय, असे विचारणारे लोक निघतील. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या आहेत, तेव्हा हा संशय कोठून येतो हे मला समजत नाही असे नाही. परंतु ज्या कागदाचे छायाचित्र शेजारी छापलेले आहे त्याचे भाषांतर कोणी लबाडीने केले तर ते दुसऱ्याला पकडता येते. मात्र त्यासाठी वाचणारा दुसरा असावा लागतो. आज पहिलाच नाही. आता ही सारी कामे यंत्रे करतील असे म्हणून मोकळे होणारेही पुष्कळ भेटतात. यंत्राला मोडके अक्षर शिकवावयाचे झाले तरी आधी माणसाने बिनचूक वाचलेली हजारो पाने त्याच्यापुढे ठेवावी लागतात, ती कोठून आणणार?

मागणे फार मोठे नाही. राज्य शासनाने पुराभिलेख खात्यामार्फत दहा विद्यावेतने ठेवावीत. मुदत पाच वर्षांची असावी, कारण शिकस्ता आणि मोडी या दोन लिप्या त्याहून कमी काळात हाताखालून जात नाहीत. आणि वेतन एवढे असावे की भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाला मुलीला घरी बसवावेसे वाटू नये. उर्दू साहित्य अकादमी १९७५ पासून आहे, साहित्य संस्कृती मंडळ त्याही आधीपासून आहे. या दोन संस्थांनी वर्षातून एकदा तरी एका मेजाभोवती बसावे आणि १९६८ च्या शब्दकोशाची सुधारून वाढविलेली आवृत्ती हे पहिले संयुक्त काम हाती घ्यावे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये स्थापन झालेले आहे, म्हणजे उस्मानिया विद्यापीठाहून अर्ध्या शतकाने वडील. तेथे आठवड्यातून दोन संध्याकाळी उर्दू लिपीचा वर्ग सुरू करण्यास कोणाच्या फर्मानाची गरज नाही, एक शिक्षक आणि एक फळा पुरे.

तोवर कल्याण, भिवंडी आणि मुंब्रा येथील उर्दू शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेतून यंदा दहावी होणाऱ्या मुलामुलींपैकी ज्यांचे मराठी चांगले आहे आणि ज्यांना जुन्या गोष्टींची गोडी आहे, अशा दोन-तीन जणांची नावे काढून ठेवावीत, आणि त्यांच्या हाती सेतुमाधवरावांचे एखादे पुस्तक द्यावे.